कमरेएवढी रेघ

८ ऑक्टोबर १९६०, शनिवार

घरात पाय ठेवायला जागा नाही! ओट्यावर फडताळ, फडताळावर पाट, पाटांवर समई. क्षणभर वाटलं, सावित्रीला पूर आला आणि मला कुणी कळवलंच नाही. महाडात सामान जागचं हलतं ते पुरालाच. आत डोकावले तर अण्णा स्टुलावर उभे. डोक्याला वर्तमानपत्राची टोपी, हातात काथ्याचा कुंचा, मिशांवर चुना. म्हणाले, "आलीस? पदर खोच." प्रवास कसा झाला नाही, चहा घे नाही!

आई स्वयंपाकघरातून हसत म्हणाली, "जूनमध्ये रिटायर झाल्यापासून ह्यांना भिंतीच दिसतायत." खरंच आहे. तीस वर्षं हायस्कुलात पोरांना चित्रकला शिकवली, आता कागद पुरेनासा झाला.

मला तीन आठवडे आहेत. मग वाई! मुलींच्या शाळेत कायमची नोकरी, एकतीस तारखेला रुजू. तात्पुरत्या कामांचा कंटाळा आला होता. अजून स्वतःलाच खरं वाटत नाही. अण्णांनी जूनमध्येच हो म्हटलंय. आईनंही. तरी घर असं एकदम सजायला लागलं की शंका येते. मे महिन्यात पोलादपूरच्या एका स्थळाची गोष्ट निघाली होती. मी नाही म्हटलं, विषय मिटला. मिटला ना?

९ ऑक्टोबर

आज रंगांवरून भांडण. मी पुण्याहून येतानाच मनात ठरवून आले होते. भिंती पिस्त्याच्या रंगाच्या, दारांना तांबूस तपकिरी, खिडक्यांना जाळीचे पडदे. मैत्रिणीकडे पाहिलंय, काय सुंदर दिसतं! अण्णा शांतपणे म्हणाले, "भिंती पांढऱ्याफेक. चौकटी गडद निळ्या."

गडद म्हणजे किती गडद? डबा उघडून दाखवला. जवळजवळ काळा! दिवाळीत दाराला काळं फासायचं? आणि उंबऱ्याला पांढरा ऑइलपेंट. ओट्याच्या पायऱ्यांच्या कडांनाही पांढरा. म्हटलं, अण्णा, घर आहे का मैलाचा दगड? तर म्हणाले, "मैलाचा दगड दिसतो की नाही लांबून?"

चित्रकलेचे मास्तर! मुलांच्या चित्रात आकाश जरा जास्त निळं झालं तर कान पिळायचे. म्हटलं आईला तरी विचारा. आई म्हणाली, "मला निळा आवडतो." तिला आजवर निळा कधी आवडला नव्हता. दोघांनी संगनमत केलंय, दुसरं काय!

१० ऑक्टोबर

दिवसभर चुना. हात भाजल्यासारखे झालेत. चुन्यात डिंक मी घातला, नीळ आईनं. आईची नीळ जरा जास्त पडली. पहिली भिंत आकाशासारखी झाली. पुन्हा चुना! खूप हसलो तिघंही.

११ ऑक्टोबर

झोपाळा काढला! मी बाजारातून येईपर्यंत कड्या नुसत्या लोंबत होत्या. ह्याच झोपाळ्यावर बसून मी मॅट्रिकची पाठांतरं केली. अण्णा म्हणाले, "माजघरात मधेच येतो, अडतो." इतकी वर्षं अडला नाही, आताच कसा अडायला लागला? म्हटलं, पाहुण्यांना बैठक मोठी हवी असेल. अण्णांनी आईकडे बघितलं, आणि आई भाजी निवडत होती ती निवडतच राहिली.

रागारागानं चार पोळ्या जास्त खाल्ल्या.

१२ ऑक्टोबर

पिस्ता रंग नाही म्हणजे नाही. जाळीचे पडदे खिडक्यांना चालतील म्हणाले, दाराला नकोत. "पायात येतात." कुणाच्या?

१३ ऑक्टोबर

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

अण्णांनी त्याच निळ्या रंगाचा एक पट्टा काढायला घेतलाय. ओट्याच्या दारापासून माजघर, बोळ, स्वयंपाकघर, मागचं दार, असा भिंतीला धरून सलग, कमरेएवढ्या उंचीवर. रुंदी चार बोटं. विचारलं तर म्हणाले, "पुराची रेघ." आता हे महाडात कुणालाही पटेल. बाजारपेठेत तर घराघरांत खूण असते, अमक्या साली पाणी इथवर. पण आमच्या आळीत पूर ओट्याच्या पायऱ्यांवर येऊन परत जातो. कमरेपर्यंत कधी आला?

तेवढ्यात शेजारचे यज्ञेश्वरकाका आले. किराणा दुकान पुरात दोनदा भिजल्यापासून ह्या विषयात त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती नाही. पट्ट्यासमोर उभे राहिले, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "गंगाधरपंत, चूक. पाणी ह्याच्या दोन बोटं वर होतं."

"ह्या घरात?"

"ह्या घरात नसेल. पण माझ्या दुकानातलं पाणी इथं आणलं तर दोन बोटं वर!"

अर्धा तास वाद! मग त्यांनी घरी जाऊन काठी आणली, तिच्यावर म्हणे त्यांच्या दुकानातल्या पुराची खाच आहे. काठी भिंतीला लावली तर आमचीच रेघ वर. काका म्हणाले, काठी झिजली. आई हसून हसून पाटावर बसली. ठमाबाई सारवणाला आली होती, नाते गावाहून चालत येते ती. शेणाचा हात कमरेवर ठेवून म्हणाली, "पूर काय रेघ बगून येतो व्हय गो? त्याला यायचा तवा येतो."

एक मात्र वाईट झालं. रंगाच्या डब्यात कुठूनतरी रेती पडलीय. सगळा पट्टा खरखरीत. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "असू दे." अण्णा म्हणाले असू दे! ज्यांनी एका वेड्यावाकड्या रेघेसाठी माझा अख्खा कागद फाडला होता!

वय झालं बहुतेक. जीव कळवळला माझा. त्यांना वाईट न वाटू देता मीच ते नीट करीन.

१५ ऑक्टोबर

अण्णा सकाळी बिरवाडीला एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले होते. संधी साधली. पॉलिशपेपर घेऊन माजघरापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचा पट्टा घासून काढला. मऊ, गुळगुळीत केला, आरशासारखा. वरून उरलेला रंग फडक्यातून गाळून एक पातळ हात. बोटं सोलली, पण काय झालंय काम! बाकीचा पुढच्या वेळी करीन म्हटलं.

अण्णा परत आले. भिंतीवरून हात फिरवला. मला वाटलं, शाबास म्हणतील. नुसतं "हं" म्हणाले. मग बोळात जाऊन उभे राहिले थोडा वेळ.

संध्याकाळी आई माजघरातून चकलीच्या पिठाची परात घेऊन येत होती, ती स्वयंपाकघराच्या चौकटीवर धाडकन आपटली. परात एकीकडे, पीठ एकीकडे, कपाळाला टेंगूळ. मी धावले. ती म्हणाली, "काही नाही गं, लक्ष नव्हतं." अण्णा हळद घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता. एवढं काय झालं? टेंगूळ आलं इतकंच. ठमाबाईनं जमिनीवरचं पीठ भरलं आणि म्हणाली, "आता गाईलाच चकली घाला."

१६ ऑक्टोबर

अण्णांना तो तुकडा पुन्हा रंगवायचाय. पण डबा संपला आणि तो निळा बाजारात नाही, दिवाळीनंतर येईल. मी म्हटलं, इतका छान झालाय, पुन्हा कशाला? तर म्हणाले, "तू पुन्हा घासशील." चिडून नाही, हसूनच म्हणाले. मला काही कळलं नाही. कलावंत!

१७ ऑक्टोबर

करंज्या. आईनं लाटल्या, भरल्या, मुरड घातली. बघतही नव्हती, माझ्याशी गप्पा मारत होती, समोर खिडकीकडे तोंड. एकेक मुरड वेणीसारखी. माझ्या करंज्या तळताना फुटल्या, तेलात सारण. म्हणाली, "डोळ्यांनी करतेस म्हणून. बोटांवर सोड."

पुण्यातले सगळे किस्से सांगितले तिला. सुपरिंटेंडेंटबाईंची नक्कल करून दाखवली. म्हणाली, "वाईला गेलीस की तिथलंही असंच आठवून ठेव, मला सांगायला." म्हणजे वाई ठरलेली आहे तर! जीव भांड्यात पडला.

१९ ऑक्टोबर, नरकचतुर्दशी

पहाटे उटणं, कढत पाणी, कारीट फोडलं, अण्णांनी मोठ्यानं "गोविंदा" म्हटलं. ओट्यावरच्या पणत्यांमध्ये त्या पांढऱ्या कडा काय चमकतात! मान्य करायचं जिवावर येतं पण घर झकास दिसतंय. पांढऱ्या भिंती, काळसर चौकटी. कुणी कागदावर शाईनं आखून काढावं तसं. अण्णांना सांगितलं. खूश झाले.

रांगोळी मीच काढली. दरवर्षी आई काढते. एक ठिपका ढळत नाही तिचा, आळीतल्या बायका बघायला येतात. यंदा म्हणाली, "मला वाकवत नाही." मी कासव काढलं, रंग भरले, मोठ्या हौसेनं तिला बोलावलं. ती आली ती थेट रांगोळीवरून चालत! कासवाची पाठ फिस्कटली. रांगोळीच्या कडेला जरी कुणाचं पाऊल पडलं तरी आळी दणाणून सोडणारी ती! अण्णांनी कोपर धरून मागे ओढलं. मी म्हटलं, आई, माझी रांगोळी एवढी वाईट का? ती इतकी ओशाळली, की मलाच वाईट वाटलं. पुन्हा काढली. ह्या वेळी कमळ.

२१ ऑक्टोबर, पाडवा

आईनं अण्णांना ओवाळलं. अण्णांनी निरांजन स्वतःच्या हातानं धरून तिच्याभोवतीही ओवाळलं. असं कधी करत नाहीत! आई लाजली. मी डोळे मिचकावले तर अण्णा म्हणाले, "तू चकल्या खा."

२३ ऑक्टोबर

आले! ज्यासाठी घर रंगवलं ते पाहुणे आले!

सकाळी अण्णा म्हणाले, पोलादपूरचे एक गृहस्थ येणार आहेत. पोलादपूर! मी काय समजायचं ते समजले. ट्रंक उपसून सगळ्यांत जुनं, बोहारणीनंसुद्धा नको म्हटलेलं पातळ नेसले. केसांना चपचपीत तेल. पोह्यांत मीठ दुप्पट घातलं.

गृहस्थ पन्नाशीचे, टापटीप, हातात काळी बॅग. मुलाचे काका असतील म्हटलं. पोहे पुढे ठेवले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! पोहे मात्र मुकाट खाल्ले, आणि तीन तांबे पाणी प्यायले. मग अण्णांनी मला मागच्या विहिरीवर पिटाळलं. घरात पाणी भरलेलं असताना! परत आले तर आई खिडकीशी उजेडात बसलेली आणि ते तिच्यासमोर स्टुलावर. मला बघून त्यांनी घाईनं बॅग मिटली.

माझ्याबद्दल बोलणी, आणि माझ्यासमोर नाही! रात्री जेवले नाही. आईनं दोनदा विचारलं. म्हटलं भूक नाही. वाईला मी जाणार. काही झालं तरी जाणार.

२४ ऑक्टोबर

अबोला. निळा डबा बाजारात आला. अण्णांनी आणून कोपऱ्यात ठेवलाय. उघडला नाही अजून. चोरून बडीशेपेबरोबर दोन करंज्या खाल्ल्या.

२५ ऑक्टोबर

अबोला मोडला. यज्ञेश्वरकाका नवी काठी घेऊन आले होते, न हसणं कुणालाही शक्य नव्हतं.

२७ ऑक्टोबर

काय लिहू! कसं लिहू!

दुपारी मी माळ्यावर ट्रंक भरत बसले होते. अण्णा बाहेर गेलेले. आईला वाटलं मीही बाहेर आहे. माळ्याच्या फटीतून खाली माजघर आणि बोळ दिसतात.

ती ओट्यावरून आत आली. डावा हात भिंतीवर. चार बोटं त्या पट्ट्यावर टेकवलेली, हलकेच, आणि चालतेय. थांबत नाही, चाचपडत नाही, सरळ आपली चालतेय. ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी घासलेला तुकडा आला आणि बोटं थांबली. वर गेली, खाली गेली. गुळगुळीत रंग आणि गुळगुळीत चुना, तिला काही फरक लागेना. मग तिनं दोन्ही हात पुढे केले, नवख्या घरात करावे तसे. आपल्याच घरात! चौकट हाताला लागल्यावर हुश्श केलं आणि हसली. स्वतःशीच हसली.

रेती पडली नव्हती. घातली होती.

माझ्या डोळ्यांसमोरून सगळं सरकलं. उंबरा, पायऱ्या, झोपाळा, पडदे, कासव, टेंगूळ. वीस दिवस ह्या घरात राहिले मी. बी.ए., बी.टी.! भिंतीच बघत राहिले.

२८ ऑक्टोबर

काल अण्णांना मागच्या दारी गाठलं. विचारायची गरज पडली नाही, माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. काचबिंदू. श्रावणात मुंबईला बारशाला गेलो म्हणून सांगितलं होतं, ते डॉक्टरकडे गेले होते. उशीर झाला म्हणाले. कडेचं दिसत नाही, समोरचं थोडं दिसतं, तेही कमी होत जाणार. पोलादपूरचे गृहस्थ म्हणजे डॉक्टर, थेंब टाकून डोळे तपासायला आले होते. आणि मी त्यांना खारट पोहे घातले.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर वाईला हो म्हणाली असतीस?"

रडले. अण्णांसमोर कधी रडत नाही मी. ते शेजारी येऊन बसले, म्हणाले, "रेघ माझी. रेती तिची. बोटांना काहीतरी लागायला हवं म्हणाली. मला नाही सुचलं."

आज आईशी बोलले. सरळ सांगितलं, मी जाणार नाही. नोकऱ्या पुष्कळ मिळतील. ती तांदूळ निवडत होती, बोटांनीच. म्हणाली, "तू राहिलीस की माझा हात धरशील. उठले की धरशील, बसले की धरशील. मग मी रेघ शिकू कधी? मला घर पाठ करायचंय सरू, अजून थोडं दिसतंय तोवर. माजघर पाठ झालंय. मागचं दार झालंय. तू घासलंस तेवढंच राहिलंय."

"आणि अण्णा दमले म्हणजे?"

"ठमाबाई आहे. ती हात धरत नाही. नुसती ओरडते, 'बाय, उजवीला दगड हाय!' मला तेच बरं पडतं." मग जरा रागावूनच म्हणाली, "तीस वर्षं ज्यानं पोरांना रंग शिकवले त्यानं दाराला काळं फासलं. कुणासाठी? माझ्यासाठी होय? तू बिनघोर जावीस म्हणून. राहिलीस तर सगळा रंग फुकट."

तरीही नाही. माझं ठरलंय. आईला असं सोडून दुसऱ्यांच्या मुलींना इतिहास शिकवायला जाऊ? उद्या वाईला तार करीन, येत नाही म्हणून.

२९ ऑक्टोबर

तारेआधी एक काम केलं. रेती चाळली, डब्यात कालवली, मी घासलेला तुकडा पुन्हा रंगवला. अण्णा स्टूल धरून उभे होते. मधे एकदा म्हणाले, "जरा जास्त झाली रेती." म्हटलं, असू दे! दोघंही हसलो. पूर्ण होईपर्यंत पोस्ट बंद झालं. तार राहिली. उद्या रविवार.

३० ऑक्टोबर

पोलादपूर स्टँड. गाडी थांबलीय, पुढे आंबेनळी घाट.

सकाळी मी चुलीपाशी होते. आईनं ओट्यावरून हाक मारली, "तिथंच थांब, येऊ नकोस." आणि एकटी आली. माजघर, मग माझा तुकडा, दार. कुठं आपटली नाही. तुकड्यापाशी मात्र थांबली, बोटं पुढेमागे फिरवली, मागे येऊन पुन्हा फिरवली. म्हणाली, "अण्णांची रेती बारीक असते. ही जाड आहे, ओबडधोबड. रोज इथं आले की कळेल, सरू आली. आता ट्रंक उचल, गाडी चुकेल."

नवं पातळ नेसून नमस्काराला वाकले, तिनं खांद्याला धरून उठवलं. रंग अजून ओला होता. कुणाच्याच लक्षात आलं नाही. आत्ता इथे उतरून चहा घेताना बघितलं, माझ्या नव्या पातळावर, खांद्याशी, चार निळी बोटं.